पागुमेचे पाच दिवस

देब्रे बिरहान, गिन्बोत १६

बेझावित,

तू कशी आहेस? नवरा कसा आहे? बाळ दूध पितं ना? रीतीप्रमाणे हे सगळं तीन-तीनदा विचारायला हवं, पण तेवढ्यात तू पत्र बाजूला ठेवशील, म्हणून एकदाच विचारते. मी बरी आहे, देवाची कृपा. गुडघे सोडून.

बाळ झाल्याचं मला त्सिगेनं सांगितलं, तिकडे माझ्या खोलीच्या खालच्या मजल्यावर राहते ती. मुलगी आहे म्हणे. तू कळवलं नाहीस याबद्दल मी काही बोलणार नाही. तू फोन उचलत नाहीस याबद्दलही नाही. म्हणून तर पत्र लिहायला बसले. फोन वाजला की तुला चिडायला होतं. कागद बिचारा पडून राहतो आणि एखाद्या दिवशी सहज हातात येतो. इथल्या शेजारच्या तिरुवर्कचा नवरा परवा अमेरिकेला निघालाय. त्याच्या बॅगेत बर्बेरेच्या पिशवीखाली हे ठेवलंय. मसाला सांडलेला असला तर ते हात डोळ्यांना लावू नकोस.

मी पोचले तेव्हा अरेगाशला मातीत ठेवून तीन दिवस झाले होते. मांडव अजून उभा होता. मला दारात बघून बायकांनी पुन्हा पहिल्यापासून आकांत मांडला, उशिरा येणाऱ्या बहिणीसाठी मांडतात तसा. शेजारणी मला दोन्ही दंडांना धरून आत घेऊन गेल्या. तिच्या खाटेवर तुझी शाळेतली हिरवी शाल घडी करून ठेवलेली होती. तिला सरळ मरण आलं, झोपेत. तुझा मामा शिफेराव म्हणाला, आदल्या संध्याकाळी तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मीठ कमी आहे म्हणून त्याच्या बायकोला बोलली. म्हणजे शेवटपर्यंत तीच होती.

तू येऊ शकली नाहीस, हे मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलंय. मुलगी झाली की ऐंशी दिवस आईनं उंबरा ओलांडायचा नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. कुणी काही बोललं नाही.

एक काम आहे. माझ्या टपालपेटीची किल्ली त्सिगेकडे आहे. तिकडे अलेक्झांड्रियात माझ्या खोलीवरून जाणं झालंच तर पेटी रिकामी कर. सरकारी पाकिटं असतील ती उघडू नकोस, नुसती ठेव. तसं काही नाही. मी चाळिसावं झालं की लगेच निघते.

येशी


देब्रे बिरहान, सेने २२

बेझावित,

कशी आहेस? बाळाचं नाव काय ठेवलंस?

चाळिसावं परवा झालं. दोनशे माणूस जेवलं. पुजाऱ्यांनी अरेगाशचं नाव घेतलं आणि मग घरच्यांची नावं विचारली. शिफेरावनं आपलं सांगितलं, मी माझं सांगितलं. तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "आणि जिला तिनं वाढवलं ती कुठेय?" सगळी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. तुझं नाव मीच सांगितलं.

मी नऊ वर्षं बैरूतमध्ये लोकांच्या फरशा पुसत होते आणि तू इथे तिच्या कुशीत झोपायचीस. तिला एमाये म्हणायचीस आणि मला येशी. माझी त्यात तक्रार नव्हती, खरंच नव्हती. जी भरवते तिला पोर आई म्हणणारच.

तर मी ठरवलंय की सहामाहीच्या तेझकारपर्यंत राहायचं. त्या दिवशी पुन्हा जेवण घालायचं असतं, आणि तेव्हा मी दोघींच्या नावानं उभी राहणार आहे, तुझ्या आणि माझ्या. तेवढं तरी तिचं देणं लागतो आपण.

तू म्हणशील, म्हातारीला अक्कल नाही, इतके दिवस बाहेर राहून हिला परत आत कोण घेणार. माझाही जीव थाऱ्यावर नाही. तिकडे चर्चच्या तळघरात कॉफी पिताना बायका काय काय बोलायच्या ते सगळं आता एकेक आठवतंय. विमानतळावर खिडकीतला माणूस यंत्रात बघतो आणि त्याला सगळं दिसतं: सरकारी मदत घेतली का, कधीपासून घेतली. मग तो विचारतो, बाई, तुला पोसतं कोण. पण त्याच बायका असंही म्हणायच्या की सहा महिन्यांच्या आत परत आलं तर कुणी काही विचारत नाही. मी ते पक्कं धरलंय. संत मिकाएलच्या दिवशी निघाले होते, गिन्बोत बाराला; त्याचा दिवस दर महिन्याच्या बाराला येतो. परतीचं तिकीट हिदार अकराच्या रात्रीचं काढलं, म्हणजे हिदार बाराला, मिकाएलच्याच दिवशी, उतरेन. तेझकार हिदार दहाला. बरोब्बर सहा महिने, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. तिकीटवाल्याला मी तीनदा मोजायला लावलं. तो वैतागला.

आणि हो, मदतीच्या कचेरीला मी बाहेर जातेय हे कळवलेलं नाही. तीस दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर कळवायचं, असं त्या कागदावर होतं. मला आठवत होतं. आठवत नसल्यासारखं करत होते. आज इथल्या वडीलधाऱ्या गाशे वोंदिमुंकडून इंग्रजीत पत्र लिहवून घेऊन पाठवलंय. तारघरात चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस, त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे. ते म्हणाले, "येशिहारेग, हे महिनाभर आधी करायचं होतंस." मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार?

येशी


देब्रे बिरहान, नेहासे १८

बेझावित,

पाऊस थांबत नाही. थंडी अशी की मी घरातही दोन शाली घेऊन बसते. तुझं उत्तर नाही, आणि मी वाट बघत नाही, असं स्वतःला रोज सांगते.

मला भीती वाटते. हे कुणाला सांगायची सोय नाही. इथे सगळ्यांना वाटतं, अमेरिकेचं हिरवं कार्ड खिशात असलेल्या बाईला कसली आलीय भीती. शिफेरावची बायको मला एतेते, ताई, म्हणते आणि माझी चेष्टाच करते. म्हणते, "एतेते, तुम्ही रोज पिशवी उघडून ते कार्ड बघता. उडून जाणार आहे का ते?" मी हसते. ती स्वयंपाकघरात गेली की पुन्हा बघते.

गेल्या आठवड्यात गिरणीवाल्याच्या मेहुण्याची गोष्ट कळली. तो मिनेसोटात असतो. आईच्या आजारपणात इथे सात महिने राहिला. परत गेला तर त्याला एका खोलीत बसवलं, पाच तास. घरभाड्याला सरकारी मदत घेतली का, जेवणाची घेतली का, रोख पैसे घेतले का. सोडलं शेवटी, पण तारीख देऊन सोडलं, न्यायाधीशापुढे उभं राहायची. लोक म्हणतात तो आता जेवत नाही. खरं किती आणि वाढवलेलं किती, देव जाणे.

म्हणून मी उत्तरं पाठ करते. तुम्ही काय काम केलंत? बारा वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत चादरी दाबल्या, साहेब. मग मदत कशाला घेतलीत? गुडघे गेले, साहेब. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून वरची मदत घेतली. तुमचं या देशात कोण आहे? इथे आले की माझं गाडं अडतं.

बेझा, तू ज्या कागदावरून माझ्याशी बोलणं सोडलंस त्याबद्दल मी तीन वर्षांत एक शब्द काढलेला नाही. तूही त्याच्या आदल्या रात्री काय म्हणालीस ते विसरली असशील. मी नाही विसरले. मी नुसतं एवढंच म्हटलं होतं की मदत घेण्यात लाज कसली, सगळे घेतात. तू म्हणालीस, माझ्या घरात राहून भीक मागितलेली चालणार नाही. मी म्हटलं, तुला लहानाचं मोठं केलं ते हे ऐकायला का? आणि तू शांतपणे भांडी पुसत म्हणालीस, "तू नाही केलंस. एमायेनं केलं."

खरंच बोललीस. म्हणून तर लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट घातला आणि त्या कचेरीत गेले. तिथे मी काय सांगितलं ते तू नंतर वाचलंस. मला ते अजून इथे लिहवत नाही.

येशी


देब्रे बिरहान, तिकिम्त ९

बेझावित,

तुझं पाकीट मिळालं.

चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकलं, आतला कागद उजेडात धरला. चिठ्ठी नव्हती. पण तू माझ्या खोलीवर गेलीस, पेटी उघडलीस, हे सगळं इथवर पोचवलंस. मी ते पाकीट उशाशी ठेवून दुपारभर पडून राहिले. मग गाशे वोंदिमुंकडे गेले.

कचेरीचं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. देशाबाहेर असल्यामुळे मदत बंद केली आहे. ते मला अपेक्षित होतं. दुसरा कागद परदेशातून आलेल्यांना सल्ला देणाऱ्या वकिलांच्या एका संस्थेचा, त्यातल्या दोन ओळींखाली तू रेघ मारलीस. ते गाशेंनी आधी मनात वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "ऐक. एकशे ऐंशी दिवसांच्या आत गेलीस तर तू आपल्या घरी परत आलेली बाई. त्याहून जास्त झाले तर तू दारात नव्यानं उभी राहिलेली. मग तुला आत घ्यायचं की नाही, हे ते पुन्हा पहिल्यापासून बघू शकतात. हिचं ओझं सरकारवर पडणार का, हेही बघू शकतात. दवाखान्याचं कार्ड, धान्याची मदत, त्याचं सहसा काही नाही. पण महिन्याची रोख मदत घेतलेली असली तर ती मोजतात."

मी म्हटलं, गाशे, माझे तर सहा महिनेच होतात. सहा त्रिक अठरा, एकशे ऐंशी. काठावर आहे, पण आत आहे.

तुझा तिसरा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. अमेरिकेचं कॅलेंडर. तू लाल शाईनं प्रत्येक चौकटीत आकडा घातलायस, मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक, दोन, तीन. एकशे ऐंशीवर गोल. सोळा नोव्हेंबर. मी विचारलं, म्हणजे आपला कितवा? गाशे म्हणाले, हिदार सात.

मी म्हटलं, चूक आहे, पोरीनं चुकीचं मोजलं. मग आम्ही दोघांनी भाजलेल्या जवाचे दाणे घेतले आणि एकेक दिवसाला एकेक दाणा टेबलावर मांडला. गिन्बोतचे उरलेले, सेने तीस, हाम्ले तीस, नेहासे तीस. मी पुढे मेस्केरेमला हात घातला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "पागुमे विसरलीस."

आपला तो तेरावा महिना, पाच दिवसांचा. ज्याचा पगार कुणी देत नाही, ज्याचं भाडं कुणी मागत नाही. मी पंधरा वर्षं अमेरिकेत राहिले आणि तरी सहा महिने म्हणताना माझ्या डोक्यात आपलेच महिने होते. ते पाच दिवस मी आयुष्यात कधी धरले नाहीत. तिकीटवाल्यानंही धरले नाहीत, तोही इथलाच. शिफेरावनं नाही, पुजाऱ्यानं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तीनदा मोजलं आणि तीनदा तेच चुकलो. फक्त तू नाही चुकलीस.

मी उतरेन तेव्हा एकशे पंच्याऐंशी दिवस झालेले असतील. काल कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या आणि निखाऱ्यावर भांडं तसंच ठेवून अंगणात जाऊन बसले. बिया जळून कोळसा झाल्या.

येशी


देब्रे बिरहान, हिदार २

बेझा,

तिकीट बदलता येतं. मी काल अदिसला फोन केला. हिदार सहाच्या रात्री एक जागा आहे, सातला सकाळी उतरेन, तुझ्या लाल गोलाच्या आत. तिकीटवाला म्हणाला, उद्या दुपारपर्यंत सांगा.

मी शिफेरावला म्हटलं, तेझकार चार-पाच दिवस अलीकडे घेऊ. तो पुजाऱ्यांकडे जाऊन आला. म्हणाला, निमंत्रणं गेली, बैल ठरला, तीन गावांहून माणसं येणार. मग जे म्हणायचं होतं ते म्हणाला. "एतेते, आईच्या वेळी तू बैरूतला होतीस. अरेगाशच्या मातीला पोचली नाहीस. आता सहामाहीलाही जाणार असलीस तर सरळ सांग, मी लोकांना काय सांगायचं ते बघतो." तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते.

रात्र गेली, आणि मी उठून तिच्या खाटेवरची तुझी शाल घेतली, चर्चपाशी गेले. अरेगाशजवळ बसले. तिच्या मातीवर अजून दगड बसवलेला नाही. मला तिच्याशी बोलता येईल असं वाटलं होतं, पण भीती वाटत असताना माणसाला दुसऱ्याशी बोलता येत नाही. मी नुसती पुटपुटत होते: सात, बारा, सात, बारा.

मी राहतेय, बेझा.

रागावू नकोस. तू तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी काही केलंस, त्या लाल शाईचा एकेक आकडा मी बोटानं चाचपलाय, आणि मी त्याच्या उलट वागतेय. पण हे ऐक. तुला घेऊन मी एकदा वेळेआधी निघाले होते. तुला सोडून, म्हणजे. तू चार वर्षांची होतीस आणि एजंट म्हणाला, आज नाही तर जागा जाईल. तुझा ताप उतरायची वाट मी बघितली नाही. अरेगाश तुला कडेवर घेऊन बसपर्यंत आली आणि म्हणाली, जा, मी आहे. ती होती. आता तिच्यासाठी कुणीतरी असायला हवं, आणि तू येऊ शकत नाहीस. उरले मी.

आता ते दुसरं. इतके दिवस टाळलं. विमानात काही झालं, विमानतळावर काही झालं, तर ते न लिहिता राहून जाईल.

त्या कचेरीतल्या बाईनं विचारलं, या देशात तुमचं कुणी आहे का. तिला नुसता फॉर्म भरायचा होता. माझी बारा वर्षांची नोकरी झालेली होती, तू असलीस किंवा नसलीस तरी मदत मिळालीच असती, हे मला नंतर कळलं. चर्चच्या बायकांनी सांगितलं होतं, मुलगी आहे म्हणालीस तर देणार नाहीत. पण मी त्यांच्या सांगण्यावरून बोलले असं म्हणणं खोटं होईल. मी रागानं बोलले. मी म्हटलं, कुणी नाही. तिनं पुन्हा विचारलं, मूलबाळ? मी म्हटलं, नव्हतंच कधी. तिनं लिहिलं, मी सही केली. आणि बसमध्ये बसून मी तोंडावर रुमाल धरून रडले.

त्याची प्रत घरी आली, ती तू वाचलीस. मला माफ कर असं मी म्हणत नाही. तू वाचलंस तेव्हा मी समोर नव्हते, याचंच मला बरं वाटायचं.

येशी


देब्रे बिरहान, हिदार १०

झालं. पाऊस नव्हता, ऊन चांगलं पडलं. तुझं नाव पुजाऱ्यांनी घेतलं तेव्हा मी उभी राहिले, मग माझं घेतलं तेव्हाही उभीच होते. शिफेरावनं स्वतः माझ्या ताटात वाढलं. सगळे म्हणाले, जेवण छान झालं.

गाशे वोंदिमुंनी मला शेवटचं बजावलंय. विचारतील तेवढंच सांग. खोटं बोलू नकोस, पण विचारलेलं नसेल ते ओतू नकोस. मी हो म्हटलं आणि दोनदा म्हणून दाखवलं. उद्या दुपारची बस.


वॉशिंग्टन, विमानतळ. हिदार १२, तुमचा २१ नोव्हेंबर

बेझा,

मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. कागद मांडीवर धरलाय, अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं होती. मी त्यांच्या पाठी मोजत होते. खिडकीतल्या माणसानं कार्ड घेतलं, यंत्रात बघितलं, विचारलं, किती दिवस बाहेर होता. मी इंग्रजीत म्हटलं, एकशे पंच्याऐंशी. तो जरा हसला. म्हणाला, बहुतेक लोक सहा महिने म्हणतात. आणि मग त्यानं कार्ड एका लाल फोल्डरमध्ये घातलं आणि डावीकडच्या दाराकडे बोट केलं. बेझा, त्या दारापर्यंत मी कशी चालत गेले मला आठवत नाही.

खोलीत खुर्च्या, एक टीव्ही, कुणी बोलत नाही. माझ्याशेजारी एक माणूस टोपी हातात फिरवत बसला होता. पावणेदोन तासांनी माझं नाव आलं. टेबलापलीकडे तरुण अधिकारी, तुझ्याहून लहान असेल, डोळ्यांखाली काळं. वाईट माणूस नव्हता. त्यानं टेबलावर फोन ठेवला आणि त्यातून एका बाईचा आवाज आला, आपल्या भाषेत. ती म्हणाली, मी दुभाषी आहे, तुम्ही जे बोलाल ते सगळं मी यांना सांगेन, हे जे बोलतील ते सगळं तुम्हाला. आवाजावरून गोंदरकडची असावी.

कशाला गेला होता? बहीण वारली. इतके दिवस का? तिचं सहामाहीचं जेवण होतं. सरकारी मदत घेता का? घेत होते, महिन्याची, रोख. आता बंद आहे, मी स्वतः कळवलं. कधीपासून? तीन वर्षं. त्याआधी? लाँड्री, बारा वर्षं. मी पाठ केलेलं सगळं अगदी बरोबर येत होतं. तो टाइप करत होता. मला वाटलं, संपलं.

मग त्यानं न बघताच विचारलं, यापुढे तुमचं कसं भागणार?

गाशेंनी सांगितलं होतं, लाँड्रीची पेन्शन आहे आणि खोली आहे, एवढंच म्हण. मी तेवढं म्हटलं. आणि मग माझं तोंड थांबेना. मी म्हटलं, मदत घेताना मी खोटं सांगितलं. मला कुणी नाही असं सांगितलं. मला मुलगी आहे. ती इथेच राहते.

फोन गप्प झाला. मला वाटलं लाइन तुटली. अधिकाऱ्यानं मान वर करून बघितलं.

मग ती बाई हळू आवाजात आपल्या भाषेत म्हणाली, "एमाये, त्यांनी हे विचारलेलं नाही. तुम्ही जे बोलता ते मला सांगावंच लागतं. पण मला नीट ऐकू आलं नाही. तुम्हाला जे म्हणायचंय ते पुन्हा म्हणा."

तिला ऐकू आलं होतं, बेझा. स्वच्छ ऐकू आलं होतं. ती माझ्यासाठी दार उघडं धरून उभी होती, मी काहीही दुसरं बोलावं म्हणून. मी पेन्शन म्हणू शकले असते, खोली म्हणू शकले असते. त्या एका क्षणी मला जितकी भीती वाटली तितकी सहा महिन्यांत वाटली नव्हती. कारण आता कुणी मला अडवत नव्हतं.

मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, टोपीवाल्या माणसालाही ऐकू गेलं असेल. मला मुलगी आहे. मी कागदावर नाही म्हणून लिहिलं, ते खोटं होतं.

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. एक शब्द सोडला नाही. तेवढं इंग्रजी मला कळतं. अधिकाऱ्यानं खुर्ची पुढे ओढली. मग विचारलं, नाव काय तिचं? मी सांगितलं, बेझावित. त्याला लिहिता येईना. मी एकेक अक्षर सांगितलं आणि तो एकेक दाबत गेला. मग उठून आत गेला आणि चाळीस मिनिटं आला नाही.

आला तेव्हा माझं कार्ड हातात होतं. म्हणाला, या वेळी तुम्हाला आत सोडतोय. पण हे मी नोंदवलंय, ते त्या मदतीच्या कचेरीला जाईल, ते तुम्हाला बोलावतील, तुमच्या मुलीलाही विचारतील. त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, कळलं. फोनमधल्या बाईला धन्यवाद म्हणायचं होतं, पण त्यानं तो आधीच बंद केला होता.

म्हणजे मी तुलाही यात ओढलं. मागच्या वेळी तुला पुसून टाकलं आणि या वेळी लिहून ठेवलं, दोन्ही तुला न विचारता. ते पाकीट येईल तेव्हा तू मला हवं ते बोल. खोटं सांगितल्याबद्दल मला कचेरी काय करेल मला माहीत नाही. मला अजून भीती वाटतेय, इथे बाकावर बसूनसुद्धा. वाटलं होतं, बाहेर आले की जाईल.

इथून दोन बसेस जातात. एक माझ्या खोलीकडे आणि एक तुमच्या रस्त्याकडे. मी चालकाला विचारलं, दुसरी दहा मिनिटांत आहे. हे पत्र मी तुझ्या दाराखालून आत सरकवेन आणि पायरीवर बसेन. घंटा वाजवणार नाही, बाळ झोपलेलं असेल. सगळं वाचून झालं आणि तरी दार उघडावंसं वाटलं नाही, तर आतून दिवा बंद कर. मला कळेल, मी जाईन. उद्या पुन्हा येईन.

तुझी आई,
येशिहारेग